स्वतंत्र हिप-हॉप कलाकाराची ईपी : लांबी कोणी ठरवायची?

तालमात्रा (धागालेखक)

नमस्कार मंडळी,

स्वतंत्रपणे काम करणारा एखादा रॅपर चार-पाच गाण्यांची ईपी (अल्बमपेक्षा छोटी तबकडी) काढतो, तेव्हा बहुतेक जण तिच्याकडे 'अल्बमच्या आधीची तयारी' म्हणूनच पाहतात. परीक्षणांचा सूरही तोच असतो: कलाकारात दम आहे, आता पूर्ण अल्बमची वाट पाहू. मला हे अन्यायाचे वाटते. ईपी हा हिप-हॉपमधला स्वयंपूर्ण आकार आहे आणि ज्याच्या पाठीशी कंपनीचा पैसा नाही, त्या कलाकाराला तो सर्वांत मानवणारा आकार आहे. हा धागा त्याविषयी आहे. संगीत करणारे आणि मन लावून ऐकणारे, दोघांनीही लिहावे अशी इच्छा आहे.

आधी थोडा इतिहास. ईपी हा प्रकार हिप-हॉपपेक्षा बराच जुना आहे. कोलंबिया कंपनीने 1948 साली मोठी लाँग-प्ले तबकडी आणली, आरसीए व्हिक्टरने 1949 साली मिनिटाला 45 फेरे घेणारी सात इंची तबकडी आणली, आणि त्याच सात इंचांत खाचा जवळजवळ कोरून एका बाजूला साधारण साडेसात मिनिटे बसवण्याची सोय 1952 साली झाली. 'एक्स्टेंडेड प्ले' हे नाव त्या वाढीव वेळेमुळे मिळाले. म्हणजे मुळात ही तबकडी सिंगलपेक्षा मोठी म्हणून ओळखली जात होती. अल्बमपेक्षा छोटी ही तिची ओळख नंतर रूढ झाली. हिप-हॉपची सुरुवात 1973 साली ब्राँक्समध्ये डीजे कूल हर्कच्या पार्टीत झाली असे मानले जाते, पण पुढची काही वर्षे हे संगीत फक्त प्रत्यक्ष ऐकायचे होते. ते तबकडीवर आले तेव्हा प्रामुख्याने बारा इंची सिंगलच्या रूपात आले. 1979 सालचे शुगरहिल गँगचे 'रॅपर्स डिलाइट' चौदा मिनिटांहून मोठे आहे आणि ते एकच गाणे आहे. पूर्ण लांबीचा अल्बम हा या संगीताचा मूळ साचा कधीच नव्हता, हे त्यावरून लक्षात यावे.

आज ईपी कशाला म्हणायचे, याचे उत्तर प्रत्येक जण वेगळे देतो. स्पॉटिफाय चार ते सहा गाणी आणि तीस मिनिटांपेक्षा कमी वेळ असेल तर ईपी म्हणते. ॲपल म्युझिकचा नियम साधारण तसाच आहे, मात्र तिथे एक ते तीनच गाणी असून त्यांतले एखादे दहा मिनिटांचे किंवा त्याहून मोठे असेल आणि एकूण वेळ अर्ध्या तासात बसत असेल, तर तेही ईपीत मोडते. ब्रिटनच्या खपाच्या अधिकृत यादीत चार गाणी आणि पंचवीस मिनिटे ही मर्यादा आहे. दुसरीकडे रॅपर केंड्रिक लमारने 2009 च्या शेवटच्या दिवशी स्वतःच्या नावाची जी ईपी विनामूल्य दिली, तिच्यात पंधरा गाणी होती. तिथे ईपी हे नाव कलाकाराने निवडले होते. कोणत्याही मोजपट्टीने ते दिले नव्हते.

लांबीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण रॅपमध्ये वेळ शब्दांनी भरतो. मिनिटाला 90 ठोक्यांच्या गतीवर सोळा बार (एक बार म्हणजे चार ठोके) म्हणजे चौसष्ट ठोके, अर्थात जवळजवळ 43 सेकंद. दोन कडवी सोळा-सोळा बारांची, आठ बारांचा हुक (ध्रुवपद) तीनदा आणि सुरुवातीला चार बार मोकळे, असे सरळ बांधलेले गाणे दोन मिनिटे चाळीस सेकंदांत संपते. तशी पाच गाणी झाली, तर ईपी साधारण सव्वातेरा मिनिटांची होते. आता कागदावर पाहा: त्या सव्वातेरा मिनिटांत हुक सोडून 160 बार लिहायचे असतात, प्रत्येक बारात यमक, श्वासाची जागा आणि अर्थ तिन्ही सांभाळून. गायकाला एक ओळ चार वेळा आळवता येते, रॅपरला ती मुभा फक्त हुकमध्ये. एवढे लेखन कसून करून एखादा थांबत असेल, तर 'पुढे काय?' असे विचारण्याआधी आपण ते 160 बार वाचलेत का, हे स्वतःला विचारायला हवे.

गाण्यांची संख्या ठरवताना तुम्ही कशाचा विचार करता? काय गाळता? कोणत्या क्रमाने लावता?

---

उत्तररात्र

धागा आवडला, पण मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. ईपीचा आजचा सुकाळ कलात्मक निवडीतून आला, असे मला वाटत नाही. त्यामागे प्रसारमंचांचे, म्हणजे स्पॉटिफायसारख्या सेवांचे, अर्थकारण आहे. गाणे तीस सेकंद वाजले की एक प्ले मोजला जातो, मग ते दोन मिनिटांचे असो वा सहा. साहजिकच लांब प्रास्ताविक गेले, तिसरे कडवे गेले, दोन कडव्यांमधला मोकळा ठेका गेला. स्पॉटिफायने 2024 पासून आणखी एक अट घातली: मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे किमान 1,000 वेळा वाजले नसेल, तर त्याच्या ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळत नाही. लहान कलाकाराने चौदा गाण्यांचा अल्बम काढला, तर त्यातली शेवटची आठ-नऊ गाणी त्या रेषेखाली राहण्याची शक्यता मोठी. चार गाणी काढली तर ऐकणारे त्या चारांवर एकवटतात. हा हिशेब कलाकारांना तोंडपाठ आहे.

म्हणून माझी शंका अशी की आपण ज्याला 'स्वयंपूर्ण आकार' म्हणतो आहोत, तो बाजाराने आखून दिलेला चौकोन आहे आणि कलाकार नाइलाजाने त्यात बसतो आहे. एखाद्याला खरोखर पन्नास मिनिटांचे सांगायचे असेल, तर आज त्याला कोण प्रोत्साहन देईल?

---

तालमात्रा (धागालेखक)

उत्तररात्र, आपला मुद्दा वजनदार आहे. तीस सेकंदांच्या नियमाने गाण्यांची रचना बदलली, हे मलाही दिसते. परंतु कारण आणि परिणाम यांचा क्रम तपासला पाहिजे, कारण स्वतंत्र हिप-हॉपमधल्या महत्त्वाच्या ईपी प्रसारमंचांच्या कितीतरी आधीच्या आहेत. कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोचा ई-फोर्टी याने 'द मेल मॅन' ही ईपी 1993 साली स्वतःच्या सिक विड इट या लेबलावर काढली; मोठ्या कंपनीशी करार त्यानंतरचा. न्यूयॉर्कच्या कंपनी फ्लोची 'फनक्रशर' ही ईपी 1995 ची, आणि तिचाच विस्तार करून 1997 साली त्यांचा अल्बम आला. एमिनेमचा पहिला अल्बम 1996 साली फारसा कोणाच्या कानावर पडला नाही. पुढच्या वर्षीची 'स्लिम शेडी' ईपी मात्र निर्माता डॉ. ड्रे याच्यापर्यंत पोहोचली आणि पुढचे सगळे बदलले. तेव्हा प्ले मोजणारे कोणी नव्हते. कॅसेट नाहीतर तबकडी छापून घ्यायची आणि दुकानातून, गाडीच्या डिकीतून, कार्यक्रमाच्या दारात विकायची, असा तो व्यवहार होता.

या उदाहरणांत मला एक समान धागा दिसतो. ईपीमध्ये कलाकाराला एकच आवाज, एकच भूमिका शेवटपर्यंत टिकवता येते. 'स्लिम शेडी' हे पात्र त्या छोट्या तबकडीत घडले. अल्बमसाठी त्याला प्रेमाचे एक गाणे, नाचाचे एक, पाहुण्या गायिकेचे एक असा सरंजाम मांडावा लागला असता, तर ते पात्र तितके धारदार राहिले असते असे मला वाटत नाही.

बाजार चौकोन आखतो, हे मान्य. पण सव्वातेरा मिनिटांत काय ठेवायचे हे बाजार सांगत नाही. ते काम कलाकाराचेच.

---

बीटघर

मी बीट (रॅपखाली वाजणारे संगीत) बनवतो, म्हणून संख्येचा प्रश्न माझ्या बाजूने मांडतो.

छोट्या ईपीचा सर्वांत मोठा लाभ म्हणजे ती एकाच निर्मात्याबरोबर पूर्ण करता येते. पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून तयार बीट उचलले, तर प्रत्येकाचा स्नेअर ड्रम वेगळा, बासचा रंग वेगळा, मोकळ्या जागेचा अंदाज वेगळा. मग कितीही चांगले मिक्सिंग (सगळ्या आवाजांचा मेळ) केले तरी ती पाच सुटी गाणी वाटतात. एक निर्माता आणि एक रॅपर आठवडाभर एका खोलीत बसले की आपोआप काही गोष्टी पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यामुळे तबकडीला स्वतःचा चेहरा मिळतो. जुन्या यंत्रांच्या मर्यादांनी हेच घडवले होते. 1987 सालच्या ई-म्यू एसपी-1200 या यंत्रात नमुने (दुसऱ्या ध्वनिमुद्रणांतून उचललेले तुकडे) साठवायला एकूण दहा सेकंदांचीच जागा होती. म्हणून निर्माते 33 फेऱ्यांची तबकडी 45 वर फिरवून नमुना उचलत आणि यंत्रात त्याचा स्वर पुन्हा खाली आणत. त्यातून आलेला तो खरखरीत, दाणेदार आवाज आजही लोक मुद्दाम शोधतात. मर्यादेला घाबरण्याचे कारण नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता एक सावधगिरी, कारण नव्या कलाकारांचे इथेच सर्वाधिक नुकसान होते. ऑनलाइन मिळणारा स्वस्त बीट बहुधा भाडेकरारावर असतो, म्हणजे तोच बीट आणखी शंभर जणांकडे असू शकतो. करारात किती प्लेपर्यंत परवानगी आहे, मुदत कधी संपते आणि पुढे कोणी तो बीट कायमचा विकत घेतला तर आपल्या गाण्याचे काय होते, हे वाचल्याशिवाय एक ओळही ध्वनिमुद्रित करू नये. असा बीट यूट्यूबच्या कंटेंट आयडीमध्ये (आवाज ओळखून हक्काचा दावा लावणाऱ्या यंत्रणेत) नोंदवणे तर बहुतेक करारांत निषिद्ध असते, आणि ते योग्यच आहे. नाहीतर तोच बीट वापरणाऱ्या इतरांच्या गाण्यांवर आपल्या नावाने दावे लागतील.

जुन्या तबकडीतून उचललेल्या नमुन्याची गोष्ट आणखी नाजूक. तिथे दोन हक्क असतात: एक रचनेचा, दुसरा त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. दोन्हींची परवानगी लागते. 1991 साली न्यूयॉर्कच्या न्यायालयात रॅपर बिझ मार्कीच्या गाण्यावरून जो निकाल लागला, त्याने विनापरवाना नमुने वापरण्याचे दिवस संपवले. अल्बम बाजारातून मागे घ्यावा लागला आणि 1993 च्या त्याच्या पुढच्या अल्बमचे नावच 'ऑल सॅम्पल्स क्लिअर्ड!' असे होते. जुन्या तबकडीतली धून वादकांकडून नव्याने वाजवून घेतली, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क आड येत नाही, रचनेचा मात्र राहतोच. पाच गाण्यांच्या ईपीत एकच नमुना असेल तर त्याच्यामागे लागणे स्वतंत्र कलाकाराला झेपू शकते. पंधरा गाण्यांत बारा नमुने असतील, तर ते त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे. ईपी निवडण्याचे हेही एक खणखणीत कारण.

---

नवी ओळ

हा धागा माझ्यासाठी अगदी वेळेवर आला आहे. मी माझ्या पहिल्या ईपीवर काम करते आहे. नऊ गाणी ध्वनिमुद्रित झाली आहेत. सर्व बीट एकाच मित्राचे आहेत, भाडेकराराचा प्रश्न नाही. नऊपैकी दोन गाणी सिंगल म्हणून आधीच प्रसिद्ध झाली आहेत, आणि त्यांतले एक बऱ्यापैकी ऐकले गेले. एका गाण्यात मला फार आवडणाऱ्या एका रॅपरचे पाहुणे कडवे आहे. एका गाण्यात जुन्या तबकडीचा नमुना आहे आणि परवानगीचे पत्र अजून आलेले नाही.

मला कोणतेच गाणे सोडवत नाही. नऊच्या नऊ ठेवली तर काय बिघडेल? आणि गाळायची झाली, तर कोणत्या कसोटीवर?

---

तालमात्रा (धागालेखक)

अभिनंदन! नऊ गाणी पूर्ण होणे हीच मोठी गोष्ट आहे.

मी आपल्याला संख्या सांगणार नाही. एक पद्धत सुचवतो. नऊही गाण्यांचे शब्द छापून जमिनीवर मांडा आणि प्रत्येकाखाली एका वाक्यात लिहा की हे गाणे कोण, कोणाला आणि का सांगत आहे. दोन गाण्यांखाली तेच वाक्य आले, तर त्यांतले एकच राहील. बहुधा नंतर लिहिलेले चांगले असते, पण पहिल्यात जोर जास्त असतो. दोन्ही मोठ्याने म्हणून पाहा. एखाद्या गाण्याखाली 'मी किती उत्तम रॅप करते' एवढेच वाक्य सुचले, तर असे गाणे एकच ठेवा आणि ते सुरुवातीला ठेवा. बढाई हा या कलेचा मान्य अलंकार आहे, मात्र चौथ्या गाण्यात ती आली की ऐकणाऱ्याचा पाय मागे येतो.

पाहुण्या कडव्याबद्दल थोडे कठोर बोलतो. अल्बमच्या पंचेचाळीस मिनिटांत दुसऱ्याचे सोळा बार विसावा देतात. तेरा-चौदा मिनिटांच्या ईपीत मात्र ते 43 सेकंद म्हणजे एकूण वेळेचा जवळजवळ विसावा हिस्सा. ते कडवे आपल्यापेक्षा सरस असेल, तर पहिल्याच ईपीत ऐकणारा दुसऱ्याचे नाव घेऊन बाहेर पडेल. आणि ते आपल्यापेक्षा कमी असेल, तर ठेवायचे तरी कशाला? ते गाणे स्वतंत्र सिंगल म्हणून पुढे काढा, दोघांनाही त्याचा लाभ होईल.

नमुन्याचे पत्र आलेले नसेल, तर ते गाणे आज ईपीत नाही, असेच धरून चाला. परवानगी नंतर मिळेल या भरवशावर प्रसिद्ध केले आणि मिळाली नाही, तर ते गाणे ओढून काढताना क्रम मोडतो. काही वेळा संपूर्ण ईपी मागे घेऊन पुन्हा टाकावी लागते.

---

खालचा स्वर

मी मिक्सिंग आणि मास्टरिंग (मिक्सिंगनंतर अंतिम प्रत तयार करणे) करतो. वर क्रमाचा उल्लेख आला, त्याला जोडून तांत्रिक बाजू लिहितो, कारण क्रम आणि आवाजाची पातळी या एकमेकांत गुंतलेल्या गोष्टी आहेत.

स्वतंत्र कलाकार गाणी जशी तयार होतील तशी एकेक करून मास्टरिंगला पाठवतात. प्रत्येक गाणे आपापल्या परीने मोठ्या आवाजात तयार होते आणि शेवटी ईपी सलग लावली की पाचही गाणी एकसारखी ओरडतात. ईपीचे मास्टरिंग सगळी गाणी एकाच प्रकल्पात क्रमाने मांडून, एकाच बैठकीत व्हायला हवे. स्पॉटिफाय सर्व गाणी साधारण उणे 14 लफ्स (आवाजाच्या मोठेपणाचे माप) या पातळीला आणते, त्यामुळे त्याहून खूप जोरात केलेले गाणे तिथे खालीच ओढले जाते आणि मोठ्या आवाजासाठी दाबून टाकलेले ढोलांचे ठोके दाबलेलेच राहतात. पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: अल्बम किंवा ईपी क्रमाने सलग लावली, तर ही पातळी संपूर्ण तबकडीला मिळून एकदाच लावली जाते आणि गाण्यांमधला आपापसातला फरक शाबूत राहतो. म्हणजे आपण चौथे गाणे मुद्दाम हलके ठेवले असेल, तर ते हलकेच ऐकू येते. या सोयीचा उपयोग केला पाहिजे. पाच गाण्यांत एक गाणे असे असावे, जिथे रॅपर कानाजवळ येऊन बोलतो आहे.

दोन गाण्यांमधली शांतताही मिक्सिंगचाच भाग आहे. सॉफ्टवेअर जी आपोआप देते ती न स्वीकारता, आधीच्या गाण्याचा ठेका मनात चालू ठेवायचा आणि पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेवर नवे गाणे सुरू करून पाहायचे. 90 च्या गतीवर एक बार 2.67 सेकंदांचा असतो. दोन्ही गाण्यांची गती जवळपास असेल, तर एक बार अंतर ठेवल्यावर मान न थांबता डोलत राहते. गती एकदम बदलत असेल, तर आधीच्या ठेक्याचा मनातून विसर पडेपर्यंत थांबावे लागते, आणि ते सेकंद कानानेच ठरतात.

शेवटचा मुद्दा बासचा. टीआर-808 या ड्रम यंत्राच्या धर्तीचा बास 40 ते 60 हर्ट्झच्या आसपास घुमतो. स्टुडिओत छाती हलते आणि फोनच्या स्पीकरवर काहीच ऐकू येत नाही, कारण एवढा छोटा स्पीकर तो स्वर काढूच शकत नाही. बास आणखी वाढवून याचा उपयोग होत नाही, उलट शब्द बुडतात. बासवर थोडे सॅचुरेशन (आवाजात मुद्दाम आणलेली हलकी विकृती) दिले की त्याचे वरचे स्वर तयार होतात आणि छोट्या स्पीकरवर कान खालचा स्वर स्वतः भरून घेतो. मग बास ड्रम आणि हा बास एकाच क्षणी येतात तिथे बासला क्षणभर मागे सारायचे. अंतिम प्रत फोनवर, इअरफोनवर आणि एकाच स्पीकरवर मोनो करून ऐकल्याशिवाय पाठवू नये. रॅपमध्ये एक शब्द हरवला तर यमक हरवते, आणि यमक हरवले तर पुढची ओळ कोणाला उत्तर देते आहे हेच कळत नाही.

---

उत्तररात्र

सलग ऐकले तरच फरक शाबूत राहतो, हे वाचून माझी मूळ शंका थोडी बदलली. प्रसारमंच छोटे गाणे मागतो, पण सलग ऐकण्याचे बक्षीसही देतो, असे म्हणावे लागेल. ऐकणारा म्हणून मला रॅपर टिएरा व्हॅकचे 'व्हॅक वर्ल्ड' आठवते. 2018 सालच्या त्या कामात पंधरा गाणी आहेत आणि प्रत्येक बरोबर एका मिनिटाचे. एखादे एकटे ऐकले तर ते अर्धवट तुटल्यासारखे वाटते. पंधरा मिनिटे सलग ऐकले तर ते तुटणेच त्याचा ठेका बनते. तिथे लांबी बाहेरून लादली गेली, असे मी म्हणू शकत नाही.

तरीही माझा एक आग्रह राहील. ज्यांच्याकडे लांब सांगण्याजोगे आहे त्यांनी ते ईपीच्या भागांत तोडू नये. 'भाग एक', 'भाग दोन' अशा नावाने अर्धा अल्बम आज आणि अर्धा सहा महिन्यांनी देण्याची जी पद्धत पडली आहे, तिच्यात दोन्ही भाग अपुरे राहतात. ती ईपी नव्हे.

---

तालमात्रा (धागालेखक)

याच्याशी मी शंभर टक्के सहमत आहे. ईपीला शेवट हवा. शेवटच्या गाण्यानंतर कलाकाराकडे त्या विषयावर बोलण्यासारखे उरले नाही, असे ऐकणाऱ्याला वाटले पाहिजे.

---

नोंदवही

निर्मिती आणि श्रवण या दोन्ही बाजू आल्या, आता कागदपत्रांची बाजू मी लिहितो. हे काम कंटाळवाणे असल्यामुळे शेवटच्या रात्रीवर ढकलले जाते आणि मग पुढची कित्येक वर्षे त्याचे परिणाम भोगावे लागतात.

प्रत्येक गाण्याचे दोन हिस्से असतात: शब्द व चाल यांची रचना, आणि त्या रचनेचे ध्वनिमुद्रण. बीट मित्राचा आहे म्हणून प्रश्न नाही, असे 'नवी ओळ' यांनी लिहिले आहे. मैत्री आहे तोवरच हे कागदावर आणणे सोपे असते. कोणाचा किती टक्के वाटा, हे प्रत्येक गाण्यासाठी वेगळे लिहून, दोन्ही हिश्शांची बेरीज स्वतंत्रपणे शंभर करून, सगळ्यांनी सही करावी. हुकची एक ओळ दुसऱ्या कोणी सुचवली असेल, तर तिचाही निर्णय तिथेच व्हावा.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक असतो. आपली जी दोन सिंगल आधी प्रसिद्ध झाली आहेत त्यांतले एखादे ईपीत घेणार असाल, तर तेच ध्वनिमुद्रण आणि तोच क्रमांक वापरा. नवा क्रमांक दिला की प्रसारमंच ते वेगळे गाणे समजतात आणि आधीचे प्ले ईपीतल्या गाण्याला जोडले जात नाहीत. ईपीसाठी त्या गाण्याचे मिक्सिंग नव्याने केले असेल, तर मात्र ते नवे ध्वनिमुद्रण ठरते आणि त्याला नवाच क्रमांक लागतो. म्हणून नव्याने मिक्सिंग करण्याचा मोह किती खरा आहे, हे आधी तपासा.

तारखेबद्दल: जुलै 2015 पासून जगभर शुक्रवार हा प्रकाशनाचा वार ठरला आहे. त्याच दिवशी मोठी नावेही येतात, त्यामुळे स्वतंत्र कलाकाराने शुक्रवारच धरला पाहिजे असे नाही. पण स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणे सुचवायचे असेल, तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवलेले बरे, आणि वितरकाकडून मंचापर्यंत पोहोचायलाच काही दिवस जातात. ईपीतले एकच अप्रकाशित गाणे असे सुचवता येते. तेव्हा सगळी सामग्री तीन-चार आठवडे आधी वितरकाच्या हाती असावी. मुखपृष्ठ चौरस आणि 3000 बाय 3000 पिक्सेलचे ठेवा, म्हणजे कुठेही परत येत नाही. कलाकाराच्या नावाचे लेखन प्रत्येक गाण्यात अक्षरशः एकसारखे असू द्या. एका जागी एक मोकळी जागा कमी पडली तरी दुसरेच प्रोफाइल तयार होते आणि अर्धी ईपी तिथे जाऊन बसते.

---

नवी ओळ

सर्वांचे मनापासून आभार. काल मी सगळे शब्द छापून जमिनीवर मांडले. तीन गाण्यांखाली एकच वाक्य आले: घरातून बाहेर पडलेली मुलगी घरच्यांना सांगते आहे की ती परत येणार नाही. वेगवेगळ्या महिन्यांत लिहिल्यामुळे हे माझ्या लक्षातच आले नव्हते. त्या तिघांतले शेवटचे ठेवले आहे, आणि पहिल्यातली चार ओळींची एक जागा फार बळकट होती, ती त्यात आणता येते का ते पाहते आहे. पाहुण्या कडव्याचे गाणे बाजूला काढले. नमुन्याचेही काढले. आता नऊची पाच झाली आहेत. बढाईचे गाणे पहिले, आधी गाजलेले सिंगल तिसरे, हलक्या आवाजाचे चौथे आणि घरचे गाणे शेवटी, असा क्रम मनात आहे. सगळे मिळून चौदा मिनिटांच्या आत बसते.

एकच प्रश्न उरला. गाजलेले सिंगल पहिले ठेवावे, म्हणजे लोक थांबतील, असे दोघांनी सांगितले आहे. तुमचे मत काय?

---

खालचा स्वर

तिसरेच ठेवा. ज्यांनी ते आधी ऐकले आहे ते ईपी उघडताना काहीतरी नवे शोधत असतात, त्यांना पहिल्याच क्षणी ओळखीचे देऊन आपण थांबवतो. ज्यांनी ऐकलेले नाही, त्यांना ते कुठे आहे याने फरक पडत नाही. शिवाय त्या जोरदार गाण्यानंतर लगेच हलके गाणे आले की दोन्ही उठून दिसतात. मधली शांतता मात्र नीट मोजा.

आणि मास्टरिंगला बसाल त्याच बैठकीत प्रत्येक गाण्याच्या आणखी दोन प्रती काढून घ्या: एक शब्दांशिवायची, कार्यक्रमात आणि मुलाखतीच्या मागे वापरायला, आणि दुसरी फक्त हुकचे आवाज ठेवून, मंचावर आपण एकट्या असाल तेव्हा त्यावर रॅप करायला. सहा महिन्यांनी त्या मागितल्या, तर प्रकल्पातली अर्धी प्लगइन्स (आवाजावर प्रक्रिया करणारी जोड-सॉफ्टवेअर) उघडत नाहीत.